एका सुताची चूक

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथ चालवला.
तिथं चूक म्हणजे चूक.
उतरलेलं बीड परत चिकटत नाही,
दारामागच्या भंगारात
आम्हा सगळ्यांची हुशारी गंजत पडलेली असायची.

आता गुडघा गेला, हात तेवढे राहिले.
मंगळवारी नागाळा पार्कात सातपुते बाईंकडं जातो.
चार बायका, एक मी.
शालननं गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही.
पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या,
"इंगवले, बोल्ट आवळताय काय?
सैल धरा. टाका पळून जात नाही."

भाचीच्या बाळाला टोपडं विणलं.
ते बाळाच्या बापाला बसलं,
आणि बाप तालमीतला गडी.
बारशाला आलेल्या सगळ्यांनी ते घालून बघितलं,
फोटो काढले.
चार बोटांचा नमुना आधी विणून मोजायचा असतो म्हणे.
म्हणे काय,
विनानमुन्याचा जॉब लावला म्हणून
मी स्वतः पोरांच्या कानाखाली काढलेली आहे.

मग शालनचा स्वेटर.
गळ्यातनं डोकं जाईना.
दोन्ही हात वर, तोंड लोकरीत,
ती तशीच उभी स्वयंपाकघरात,
आतनं आवाज आला,
"राहू दे. थंडी संपली की काढा."
कोल्हापूरची थंडी ती केवढी,
पंधरा दिवस, तीही पहाटे रंकाळ्यावर.

उसवला.
उसवायला मला आवडतं, हे कुणाला सांगू?
एकतीस वर्षांत एकदाही
केलेलं काम असं उलटं पळताना बघितलं नव्हतं.
पण उसवलेली लोकर सरळ होत नाही,
शेवयांसारखी कुरळी राहते,
कुठं कुठं वळली होती ते धरून बसते.
बाई म्हणाल्या, भिजवा, ओझं लावून वाळत घाला.
मी पाव किलोचा नट बांधला.
दोन दिवस तारेवर लोंबत होती,
तरी पुरती सरळ झाली नाही.

दिलावर शिकलगारचा मफलर मात्र
कुणी सांगितलं नसताना घ्यायला घेतला.
दिलावर मोल्डर. साचे त्याचे, टर्निंग माझं.
एका पावसाळ्यात पंपाच्या जॉबचं ड्रॉइंग मी चुकीचं वाचलं,
बोअर एका सुतानं जास्त गेला.
मालक ओरडत आला, साचाच वाकडा म्हणाला.
मी कॅलिपर पुसत होतो.
बराच वेळ पुसत होतो.
दिलावरचा पंधरा दिवसांचा पगार कापला,
संध्याकाळी दोघं एकाच सायकलवरनं घरी गेलो.

साठ टाके घातले. एक सुलट, एक उलट.
हातभर झाल्यावर दिसलं,
एकोणिसाव्या ओळीत टाका गळलाय.
उसवलं. परत विणलं. परत तिथंच.
बाईंनी हातातनं काढून घेतलं,
"सगळंच कशाला उसवताय?"
आकड्याच्या सुईनं तो एक टाका
पायरी पायरी वर कसा आणायचा ते दाखवलं.
आला वर.
पण तिथं वीण आवळलेली दिसते.
बघणाऱ्याला दिसते.

काल पहाटे गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
म्हैस पिळून होईस्तोवर मी पिशवी तशीच धरून होतो.
त्यानं मफलर गुंडाळला,
आणि मोल्डरचं बोट ते,
नेमकं तिथंच जाऊन थांबलं.
"हितं काय झालंय रं?"
"चुकलं."
"कितीनं?"
माझा पेला भरलेला, फेस खाली बसत चाललेला.
"एका सुतानं."

दिलावरनं दूध पिऊन टाकलं,
मिशी पुसली, मफलरानं नव्हे, हातानं.
म्हशीकडं बघत राहिला.
"चाळीस नग हुतं ते," म्हणाला,
आणि मफलरचा आणखी एक वेढा
गळ्याभोवती घेतला.